आमसुली रंगाचे तीन उजेड

१० जानेवारी १९८३, सोमवार

आज माझ्याच सावलीविरुद्ध लेखी तक्रार नोंदवत आहे. सदर सावली गेले पाच दिवस, कसलीही पूर्वसूचना न देता, माझ्या कामाच्या जागेवर बेकायदा ठाण मांडून बसते. ऊठ म्हटलं तर मलाच उठावं लागतं. खोलीत दिवा एक. साठचा बल्ब, तोही पोटमाळ्याच्या कडेला असा टांगलेला की उजेड बरोबर पाण्याच्या पिंपावर. पिंपाला वाचायचंय काय? पाटावर बसून पातेल्यात वाकलो की डोकं आणि दिवा एका रेषेत, आणि पातेल्यात कुठलाही रंग घाला, दिसतो काळा. बावीस वर्षं मिलच्या रंगखात्यात शेड जुळवल्या, एवढा पक्का काळा कधी साधला नव्हता.

सुमन पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बल्ब तिथंच राहणार. तुमच्या डोक्याचं काहीतरी बघा."

लग्नाला अठरा वर्षं झाली. बायकोची ही मागणी जुनीच आहे.

आता मुद्द्याचं. दादरच्या मॅचिंगवाल्या शेठने बारा साड्यांच्या काठाचे तुकडे दिलेत. नेहमीच्या रंगांचे फॉल त्याच्याकडे ढिगाने. अडतं ते आडनिड्या रंगांपाशी. ह्या बारांशी हुबेहूब जुळतील असे फॉल रंगवून द्यायचे, महिनाअखेर. पास झाले तर लग्नसराईतलं असलं सगळं काम माझं. घरबसल्या. माझा मीच मास्तर.

आणि फळीवर, मिठाच्या बरणीखाली, माफीनामा. मिलचा जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, ठेवून गेलाय. संपात सामील झालो ही चूक झाली, पुन्हा होणार नाही, खाली सही. सोमवार ३१ला गेटवर नेऊन द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. जॉबर म्हणाला, "एक सही तर करायची." एक पावलीही घेणार नाही म्हणाला. एवढं स्वस्त काहीही घेताना मला भीती वाटते.

पोरीला, नंदाला, गेल्या जूनमध्ये आजीकडे गावी ठेवली, शाळेसकट. ह्या जूनला तिला परत आणायचीच. सहीनेही आणता येईल, रंगानेही आणता येईल. मला रंगाने आणायचीय.

अडचण वेळेची. मिलमध्ये शेड पास व्हायची ती सकाळी दहाच्या पुढे, छपराच्या उत्तरेकडच्या काचांखाली. आमच्याकडे त्या वेळी फोडणी असते. सुमनचे पोळीभाजीचे अठरा डबे अकराला जातात, मग भांडी, मग स्टोव्ह माझ्या ताब्यात तीनला. चारला खोलीत अंधार. म्हणून ठराव मंजूर: डोक्यावर नवा दिवा. स्वस्तातला. कुठला, ते उद्या.

१२ जाने., बुध.

उद्या म्हणालो होतो, पण चाळीत एका माणसाला दिवा घ्यायचा असला की चौदा माणसांना मत असतं. मुलगी दाखवायला आणल्यासारखे सगळे गॅलरीत जमले.

आलेली स्थळं अशी:
ट्यूब. गोरी, उंच, थंड डोक्याची. सारखी गुणगुणते. लग्नाचा खर्च फार (पट्टी, चोक, स्टार्टर), नंतर मात्र काटकसरी.
शंभरचा बल्ब. सावळा, गुटगुटीत, तापट. लग्न स्वस्तात, पण दर महिन्याच्या बिलात हुंडा घेत राहतो.
रस्त्यावरचा असतो तसला मर्क्युरी दिवा. श्रीमंताघरचा. त्याच्याखाली माणूस हिरवा दिसतो, तसलं नातं नकोच.

मध्यस्थ गंगाराम. तीन खोल्या सोडून राहतो. आमच्याच मिलचा वायरमन, संपापासून चाळीतल्या समस्त फ्यूजांचा फॅमिली डॉक्टर. फी म्हणून चहा. म्हणाला, "शिरप्या मेल्या, टूब घे टूब. चाळीस व्याटात शंभराचो उजेड. मीटर धावणा नाय, चलता."

"आणि गुणगुणते ते?"

"तुझी बायको काय कमी गुणगुणता?"

सुमनने त्याला अर्धाच कप चहा दिला.

१४ जाने., शुक्र.

संक्रांत. आज गोड बोलायचं. लवकर आटोपलं.

१५ जाने., शनि.

लोहार चाळ. काय बाजार आहे! नुसत्या झुंबरांच्या गल्लीतून जाताना मला उगाचच आपलं कुणाकडे तरी लग्न आहे असं वाटायला लागलं. तीन दुकानांत भाव विचारले, तिन्ही दुकानदारांनी आधी माझी चप्पल बघितली आणि मग भाव सांगितला. शेवटी एका बोळात वापरलेली पट्टी मिळाली, चोक सुस्थितीत, पोपडे उडालेले. तिच्यावर नवी ट्यूब. नव्या सेटच्या निम्म्याने पडलं. स्टार्टर त्याने वर दिला. मला इतका आनंद झाला की घासाघीस करायची राहिलीच होती ती दुकानातून बाहेर आल्यावर आठवली.

बसमध्ये चार फुटांची ट्यूब घेऊन उभा. कंडक्टर: "काका, काठी उभी धरा." उभी धरली तर छपराला लागते. आडवी धरली तर एका बाईच्या अंबाड्यात जाते. तिरकी धरली. परळपर्यंत सगळी बस माझ्यापासून हातभर अंतर राखून. असा मान मला मिलमध्येही कुणी दिला नाही.

१६ जाने., रवि.

बसवली! बसवली!

आधी अर्थात भांडण. मी म्हटलं, वर, थेट छताला. रंगखात्यात दिवे पंधरा-सोळा फुटांवर असत. गंगाराम शिडीवरून: "हय काय गिरण असा? छताक लावलंस तर उजेड खाली येयसर संध्याकाळ होतली." मी ऐकलं नाही. छताला लावली. पातेल्यात पुन्हा मिणमिण. गंगाराम नुसता मालवणीत हसला. मग साखळीने खाली घेतली, बसल्या माणसाच्या डोक्यावर दीड हात. सुमनने पाटावर बसून बघितलं, उभी राहून बघितलं, पदर वर करून बघितला. "मला लागत नाही. राहू दे."

आणि सावली गेली. खरंच गेली. लांब उजेड, दोन्ही बाजूंनी हाताला वेढून येतो. पातेल्यात डाळिंबी डाळिंबी दिसतो, अबोली अबोली. आजच तीन फॉल उकळले. मोरीतून डाळिंबी पाणी खाली गेलं, तळमजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "वर काय खून झाला काय रे?" मी ओरडलो, "चालू आहे!"

सोमवारची तक्रार निकालात काढण्यात येत आहे.

१८ जाने., मंगळ.

ट्यूब लबाड आहे.

काल संध्याकाळी तिच्याखाली आमसुली जुळवला. नुसता जुळवला नाही, तुकडा फॉलवर ठेवला तर शोधावा लागत होता. आज सकाळी गच्चीत वाळत घातलेला बघायला गेलो: फॉल एकीकडे, तुकडा दुसरीकडे. सख्खे भाऊ रात्रीत वेगळे निघाले. ट्यूबच्या उजेडात निळेपण जास्त, त्याने मला फसवलं.

चूक माझी. रंगखात्याच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी कानाला धरून सांगितलं होतं, रंग बघायचा तर उत्तरेच्या उजेडात, दिव्याच्या शपथा खायच्या नाहीत. आता पद्धत बदलली. उकळायचं ट्यूबखाली, रंग धरायला मीठ टाकायचं तेही ट्यूबखाली, पण जुळवायचं गच्चीत. सकाळी आठ ते नऊ, उत्तरेकडच्या कठड्याशी, तुकडा आणि फॉल दोन्ही कोरडे. गच्चीत त्या वेळी फक्त मी आणि पापड राखणारी एक म्हातारी असते. तिला वाटतं मी पापड पळवायला येतो.

२० जाने., गुरु.

बाराच्या बारा. दिवसाउजेडी. आमसुली पुन्हा केला, चिंतामणी रंगाचा निळा-जांभळा बरोबर मधोमध उतरला. मास्तर असते तर पाठीवर थाप मारली नसती, पण खोटही काढली नसती. सुमनला दाखवले. तिने एक एक पदराच्या टोकाला लावून पाहिला आणि म्हणाली, "नंदाला पत्र लिहू का?" मी म्हटलं, थांब. मनात लिहून झालं होतं.

२१ जाने., शुक्र.

दादर.

शेठने बारा फॉल काउंटरवर मांडले. त्याच्या दुकानात वर ट्यूब, शोकेसमध्ये ट्यूब, आरशाभोवती ट्यूब. सात ट्यूबांखाली एक एक तुकडा लावत गेला. नऊ झाले. मग आमसुली उचलला. "श्रीपतभाऊ, आमसुली मागितला, तुम्ही तर चॉकलेट आणला."

मी बघितलं. चॉकलेट! चिंतामणी सरळ निळा. गुलबक्षी राखेत लोळून आल्यासारखा.

मी शेठचा हात धरला आणि त्याला फूटपाथवर नेला. भर गर्दीत. "आता बघा." उन्हात तिन्ही जुळ्या भावंडांसारखे. एक बाई जाता जाता थांबली, म्हणाली, "केवढ्याला फॉल?"

शेठ शांतपणे म्हणाला, "तुमचा रंग खरा हाय, मान्य. पण गिऱ्हाईक फूटपाथवर साडी घेत नाय. बाई माझ्या ट्यूबखाली मॅचिंग बघते, अन् नेसते लग्नाच्या हॉलमधे, पिवळ्या बल्बांखाली. नऊ पास. तीन शनिवार २९ला परत आणा. तीनवर मी ठरवीन, कारण आडनिडं काम म्हणजे हेच तीन."

अपमान झाला असं वाटायला हवं होतं. वेळच मिळाला नाही. शिवाजी पार्कपर्यंत उलट्या दिशेने चालत गेलो आणि मग लक्षात आलं. बावीस वर्षं मी रंग पास केले ते कापड मिलमधून बाहेर जाईपर्यंतचे! पुढे तो रंग कुठल्या उजेडात जगतो हे कुणी विचारलंच नव्हतं. मला एक उजेड नको होता. मला तीन हवेत. दिवस, ट्यूब, बल्ब. तिन्हींत टिकेल तो रंग. मिलच्या कुठल्या मास्तरने हे केलंय?

परत येताना जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो. शेहेचाळीसाव्या वर्षी.

२२ जाने., शनि.

दिवस फुकट मिळतो. ट्यूब आहे. उरला बल्ब, पण नुसता नव्हे. टांगता, खाली उजेड पाडणारा, वर इनॅमलची टोपी असलेला. टोपीशिवायचा बल्ब उजेड डोळ्यांत घालतो, कामावर नाही. टोपीचा भाव ऐकला आणि परत आलो. पाकिटात जे होतं ते ट्यूबने नेलं.

चाळीच्या तोंडाशी चांगुणामावशी. कोळीवाड्यातून येते, रोज संध्याकाळी इथे पाटी मांडते. वाण्याच्या दुकानातून वायर ओढलेली, तिच्या टोकाला शंभरचा पिवळा बल्ब, आणि त्याच्यावर पांढरी इनॅमलची टोपी! वर्षानुवर्षं त्याखालून जातोय. आज उभा राहून बघत बसलो. ती म्हणाली, "बलबाचा काय भाव करतंस? पापलेट बघ."

मी माझी ट्यूबची कहाणी सांगितली. ती मोठ्याने हसली. "आरं येड्या, टूबेखाली माजं पापलेट ठेव, मढं दिसंल मढं. पिवल्या बलबाखाली त्येच पापलेट आताच दर्यातून उडी मारून आल्यासारकं."

"मग खरं कुठलं?"

"खरं घरी गेल्यावर कलतं. तवर पैसं माज्या कमरेला." मग एकदम डोळे वटारून, "मी शिलं इकत नाय हां!"

पाटी रिकामी झाल्यावर तिने स्वतः वायर सोडून टोपी आणि बल्ब काढून दिला. रविवारी ती सकाळीच विकून मोकळी होते, सोमवारी गिऱ्हाईक नसतं. "ने दोन दिस. मंगलवारी आन."

एका कोळणीला जे पाठ आहे ते शिकायला मला तीन दुकानं, एक बस आणि एक शेठ लागला.

२३ जाने., रवि.

गंगारामने जुन्या पाटाच्या फळीवर दोन बटणं बसवली. एक ट्यूब, एक बल्ब. दोन्ही माझ्या डोक्यावर शेजारी शेजारी, साखळीवर. खट्, पांढरं जग. खट्, पिवळं जग. मी तासभर नुसतं खट् खट् केलं. गंगाराम म्हणाला, "बटण मोडतला." सुमन म्हणाली, "मोडू दे, निदान ऐकू येणं तरी बंद होईल."

दिव्याची निवड अखेर अशी झाली की दोन्ही स्थळं घरात आली. लोक काय म्हणतील!

२४ जाने., सोम.

आमसुलीची खोड सापडली. मी तांबड्याला गडद करायला काळा घालत होतो, मिलची सवय. दिवसा चालतो, ट्यूबखाली चॉकलेट. काळा बंद. निळा घातला, चिमूटभर. ओला असताना काही कळेना, ओला रंग नेहमी खोटं बोलतो. इस्त्रीने वाळवला. खट्. जुळला. खट्. जुळला! फॉल हातात घेऊन गच्चीवर पळालो. पाचचं ऊन, उत्तरेचा कठडा. जुळला!!

सातव्या खेपेला. सुमनला वरूनच हाक मारली. ती पिठाच्या हातांनी वर आली आणि आम्ही दोघं एका फॉलच्या तुकड्याकडे बघत उभे. पापडवाली म्हातारी आमच्याकडे बघत.

२६ जाने., बुध.

सकाळी चाळीत झेंडावंदन. झेंड्याचा केशरी यंदा पिवळ्याकडे झुकलाय. कुणाला सांगितलं नाही.

गुलबक्षीही आला. चिंतामणी अडलाय. ट्यूबखाली जुळवला की दिवसा निळा, दिवसा जुळवला की बल्बखाली काळपट. एका वेळी दोनच उजेड मानतो, तिसऱ्याला ओळख दाखवत नाही. अकरा खेपा. पातेलं, स्टोव्ह, नखं सगळी निळी. डबे भरताना सुमनने माझ्या हाताला पोळीपासून लांब ठेवलं.

जॉबर दुपारी डोकावला. माफीनामा आहे ना म्हणाला. मी म्हटलं आहे, मीठ सांभाळतोय.

२८ जाने., शुक्र.

सुमन खाली जाऊन आली आणि म्हणाली, "चांगुणामावशी कंदील लावून बसलीय. मंगळवारपासून."

मंगळवारपासून. मी टोपी दोन दिवसांसाठी आणली होती.

"काही म्हणाली?"

"नाही. गिऱ्हाईक कोलंबी उचलून कंदिलाजवळ नेतं, वास घेतं, परत ठेवतं. एवढं बघितलं मी."

काल मी तिच्यासमोरून दोनदा गेलो होतो. डोक्यात चिंतामणी. तिने हाकही मारली नाही.

आत्ताच्या आत्ता नेऊन द्यायला हवी होती. पण शेवटची खेप पातेल्यात होती, ओली. उद्या दादर. बल्बशिवाय ती बघणार कशी? खाली गेलो नाही. हे लिहून ठेवतोय, कारण दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच्यावर मी पानभर लिहिलं असतं.

खेप वाळली. ट्यूबखाली जुळला. बल्बखाली जुळला. बघू सकाळी.

२९ जाने., शनि.

सकाळी गच्ची. चिंतामणी अर्धी छटा निळ्याकडे. अर्धीच. कुणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही, फक्त माझ्या. सुमन म्हणाली, "हॉलमध्ये खिडकी कुठे असते? बोलू नका काही."

दुपारी दादर. शेठने तिन्ही ट्यूबखाली लावले. मान डोलावली. मग गड्याकडून गोडाऊनमधला पिवळा बल्ब आणवला. मान पुन्हा डोलावली. आणि मग त्याने स्वतः तिन्ही उचलले, चप्पल घातली, म्हणाला, "चला, फूटपाथ. तुम्हीच शिकवला."

तिथे मी त्याच्या आधी बोललो. "आमसुली, गुलबक्षी बघून घ्या. चिंतामणी उन्हात अर्धी छटा चुकतो. तेरा खेपा केल्या. चौदावीत येईल असं वाटतंय, खात्री देत नाही."

शेठने तो बराच वेळ उन्हात धरला. त्याला दिसला की नाही कुणास ठाऊक. म्हणाला, "आजवर कुणी रंगारी मला स्वतःहून खोट सांगून गेला नाय." ते कौतुक होतं की नकार, त्याच्या तोंडावरून वाचता येईना. मोठा भाऊ सोमवारी सकाळी सुरतेहून येतोय. तिन्ही त्याला दाखवणार. "दुपारी बाराला या."

मिलच्या गेटवर माफीनामेही बारालाच घेतात. म्हणजे दोन्हीकडे जाता येणार नाही. सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "मग कुठे जाणार?" आणि माझं उत्तर यायच्या आत मिठाची बरणी उचलून भाजीत मीठ घातलं, बरणी परत तिथेच ठेवली. कागद होता तसाच.

मला झोप लागणार नाही, भीतीने नव्हे. चौदावी खेप डोक्यात उकळतेय. निळा कमी नको, जांभळ्याची जात बदलायला हवी. आमसुलीला हीच युक्ती लागू पडली होती! उद्या तीनला स्टोव्ह माझा. उद्या बल्ब मात्र पिंपावरचा घेईन. सुमन म्हणाली घ्या, पिंप बघेल अंधारात.

दादरहून येताना एक नवा शंभरचा बल्ब घेतला होता. पाचला, मावशी यायच्या आधी, खाली गेलो. इनॅमलची टोपी सोड्याने धुतली होती, आतून पांढरी शुभ्र निघाली. वाण्याला म्हटलं, मेन बंद कर रे जरा. गंगारामकडून आणलेल्या पक्कडीने वायर जोडली, टेप गुंडाळली, नवा बल्ब लावला, जुना कागदात गुंडाळून तिच्या पाटी मांडायच्या फळीखाली ठेवला. बटण दाबून बघितलं. रिकाम्या फळीवर पिवळा गोल पडला. विझवलं.

ती कोपऱ्यावर दिसली तेव्हा मी जिन्यात पोचलो होतो.